मोटारीत आलेलं वारं

पारूला हे मी सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, त्यांच्या शेवटच्या दुखण्यातही नाही. देवळात तर मुळीच नाही. तिथं कुठल्या तोंडानं सांगणार? तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलते आहे. मध्येच थांबले तर थांबू द्या. थांबत थांबतच मी आयुष्यभर प्रवास केला आहे.

आधी माझ्या पायांचं सांगते. मूळ गोष्टीपासून पळते आहे असं समजू नका — बरं, समजा. पळतेच आहे.

लढाईचे दिवस होते. मी अजून तिशीही गाठली नव्हती. म्हसवडला आमचं घर, ह्यांचं किराणा दुकान, पदरी मूलबाळ नाही. एकदा माणगंगेवरून धुणं घेऊन घरी आले, तर माझी धाकटी जाऊ पारू माझ्या पायांकडं बघत म्हणाली, "आक्का, दुसरी चप्पल कुठं हाय?" चप्पल वाटेत कुठं निसटली ते मला कळलंच नव्हतं. दोघी खूप हसलो. पुढं एक डोळा अंधुक झाला, आपोआप सुधारला. मग पाय जड झाला, तोही थोडा सुधारला. हेच त्या दुखण्याचं कपट. सरळ येऊन मानगुटीवर बसलं असतं तर मीही पदर खोचून उभी राहिले असते. पण ते पाहुण्यासारखं यायचं, जायचं, आणि जाताना घरातलं काहीतरी उचलून न्यायचं. आपल्याच पायांनी आपल्याला दगा द्यावा, याला काय म्हणायचं?

मिरजेच्या डॉक्टरांनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं. तेव्हा ते माझ्या जिभेवर बसलं नाही. आता मल्टिपल स्क्लेरोसिस असं धडधडीत म्हणते. नसांवरचं वेष्टण जागोजाग झिजतं, म्हणाले. उन्हाला जपा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी सुया घ्यायला या. उन्हाला जपा! म्हसवडच्या बाईला!

म्हसवडहून मिरजेला जायचं म्हणजे आटपाडी, भिवघाट, विटा, तासगाव करत सांगली, आणि तिथून पुढं. आगगाडी नाही. रसूलभाईंची सर्व्हिस मोटार, तीही लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणारी. मागं पत्र्याची भट्टी धगधगत असायची. तिची धग पाठीला लागली की माझे पाय माझे राहत नसत. समोरचा एक रस्ता दोन दिसायचा. खड्ड्यात मान खाली गेली की मानेपासून टाचेपर्यंत सणकन वीज उतरायची. आणि सगळ्यात वाईट ते लघवीचं. लागली की थांबणं नाही. पुरुषांनी भरलेली गाडी कितीदा थांबवायची? म्हणून मी आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करायची. ओठ सुकायचे, जीभ टाळूला चिकटायची, तरी एखादा म्हणायचाच, "बाईमाणसाला कशाला घेता रं गाडीत? ही कवा पोचायची सांगलीला?"

हे सगळं पारूनं सांभाळलं. ओली फडकी, पाण्याची कळशी, आडोशाला धरायला जुनं लुगडं. माझी बगल धरून ती मला उतरवायची आणि चढवायची. आमचे हे पहिल्या खेपेला येतो म्हणाले, ऐन वेळी दुकानाचं काम निघालं. दुसऱ्या खेपेला कुणाचं तरी लग्न निघालं. तिसऱ्या खेपेला मीच विचारलं, तर मान वर न करता म्हणाले, "पारू हाय की." ते चार शब्दही नव्हते, पण माझ्या संसाराचा हिशेब मला त्यात कळला. मला राग आला होता. अजूनही येतो. फसवलं जाणं म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक होतं, एवढं लक्षात ठेवा, पुढं लागेल.

पारूचा नवरा, माझा धाकटा दीर, पलटणीत होता. ब्रह्मदेशाकडं गेला आणि बेपत्ता झाल्याची तार आली. मेला असं नाही, जिवंत असंही नाही. पारूच्या संसाराचे पुरते सहा महिनेसुद्धा झाले नव्हते.

आता वाऱ्याचं. आमच्याकडं लुळं पडलेल्या माणसाला 'अंगावरनं वारं गेलं' म्हणतात. देव अंगात संचारला तर 'वारं आलं' म्हणतात. शब्द तोच. गेलं आणि आलं, एवढाच फरक.

एका खेपेला ऊन रणरणत होतं. आटपाडी सोडल्यावर माझी मांडी थडथडायला लागली. मी दोन्ही हातांनी दाबून धरली, तर दुसरी उडायला लागली. गाडी खड्ड्यात आदळली, मानेतून वीज गेली आणि माझ्या तोंडून मोठ्यानं हुंकार निघाला. समोर बसलेली एक म्हातारी ताडकन उठली.

"आवं, गाडी थांबवा! बाईला वारं आलंय!"

"कुठली हाय ही?"

"म्हसवडची."

"मग गावची आई जोगेश्वरीच की ती! बाजूला व्हा समदी!"

रसूलभाईंनी गाडी बाभळीच्या सावलीत लावली. लोकांनी मला हाताला धरून उतरवलं, अलगद, देव्हाऱ्यातल्या टाकासारखं. कुणी डोक्यावर पाणी ओतलं, पायावर ओतलं. काय सांगू तो गारवा! मी डोळे मिटून घुमत राहिले. हो, घुमत राहिले. पाय कधीच शांत झाले होते. पण जी माणसं मघाशी तोंड वाकडं करत होती ती माझ्या पायांवर डोकं ठेवत होती, आणि म्हातारी मला लुगड्याच्या आडोशाला नेऊन म्हणत होती, "आई, सावकाश."

तेव्हापासून रसूलभाई मला पुढची जागा राखून ठेवायचे, भट्टीपासून लांब. थांबा म्हटलं की थांबायचे. गर्दी असली की मी थोडी हुंकारायची. यात कुणाचं काय नुकसान होतं? मी पाणीसुद्धा प्यायला लागले.

पारू तरी ओळखेल असं मला वाटलं होतं. माझ्या आजाराचा कणन् कण तिला माहीत होता. पण तिनं आपलं आपणच जुळवून घेतलं. म्हणाली, "दुखणं येगळं आक्का, आई येगळी. किडक्या झाडाला फळ येत न्हाई व्हय?" मी हसून विषय बदलला. तिथंच सांगायला हवं होतं.

आता सांगते. पाणी द्या जरा. राहू द्या, नको.

पारूचा भाऊ सांगलीत असायचा. आमच्यात पाट लागतो. नवरा गेलेली बाई दुसरा घरोबा करू शकते, त्यात कमीपणा नाही. तार येऊन वर्षं उलटली तसं भावानं तिच्यासाठी एक माणूस बघितला. दौलत नाव. हळदीच्या पेठेत तोलारी करायचा, पोती तोलून द्यायचा, बायको वारलेली. त्या खेपेला आम्ही भावाकडं उतरलो तेव्हा तो आला होता. हाताला, कपड्यांना हळदीचा वास. फार बोलला नाही. पण सकाळी आम्ही म्हसवडला परत निघालो तेव्हा गाडीपाशी हजर. एक पोतं चारपदरी करून विहिरीच्या पाण्यात भिजवून आणलं होतं. माझ्या जागेवर अंथरून म्हणाला, "हेच्यावर बसा. इट्यापतोर गार ऱ्हाईल." इतक्या वर्षांत माझ्या नवऱ्याला जे सुचलं नव्हतं ते या परक्या माणसाला एका रात्रीत सुचलं होतं. गाडी सुटल्यावर पारू बराच वेळ मागं वळून बघत होती. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "माणूस बरा वाटतोय न्हवं, आक्का?"

बरा होता. तोच तर घोर लागला मला.

ती गेली तर? विट्यापर्यंत मी एवढाच विचार केला. फडकी कोण भिजवणार? आडोसा कोण धरणार? हे येणार? घरात पडून राहिले तर मला पाणी तरी कोण देणार? आणि तिचाही मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? पायांनी दगा दिला, नवऱ्यानं दिला, आता हीसुद्धा निघाली, असं वाटलं. जिनं मला उचलून आयुष्य काढायचं ठरवलेलं नव्हतं तिच्यावर मी दग्याचा आळ घेत होते.

भिवघाटाच्या अलीकडं पाय थडथडू लागले. गाडी थांबली. नेहमीसारखं डोक्यावर, पायांवर पाणी ओतून झालं. आणि पारू, आजवर जिनं माझ्यातल्या आईला कधी एक प्रश्न विचारला नव्हता, ती पदर पसरून माझ्यापुढं बसली. "आई," म्हणाली, "माझा धनी हाय का न्हाई? खरं काय ते सांग. न्हाई म्हणलीस तर मी सांगलीला जाती. माझा जीव हितं बी न्हाई नि तितं बी न्हाई."

माझ्या अंगात तेव्हा काही म्हणजे काही आलेलं नव्हतं. डोकं लख्ख होतं. दौलतचं पोतं रसूलभाईंनी खाली अंथरलं होतं, त्यावरच मी बसले होते आणि ते अजून ओलं होतं. नुसती गप्प राहिले असते तरी चाललं असतं. देव कधी कधी बोलत नाही, लोक समजून घेतात.

मी म्हणाले, "येईल. त्याचा उंबरा सोडू नको."

पारूनं माझे पाय घट्ट धरले आणि त्यांवर कपाळ टेकलं. ती रडत होती. आनंदानं रडत होती.

दौलतला तिनं नकार कळवला. पुढच्या खेपेला तो भेटला नाही, त्यानंतरही नाही. लढाई संपली. पलटणीतली माणसं परत आली, आमचा दीर आला नाही. मग सरकारचा कागद आला, तो मेला म्हणून. घरात रडारड झाली. पारूच्या बांगड्या फोडायला बायका आल्या तर हिनं हात पाठीमागं लपवले. "कागूद माणसानं लिव्हलाय," म्हणाली. "आई खोटं बोलत न्हाई." आणि सगळ्यांच्या देखत माझ्याकडं बघितलं. मी काय केलं? मी भिंतीकडं तोंड केलं. सगळ्यांना वाटलं, मला बरं नाही.

तेव्हाही बोलता आलं असतं. तेव्हा ती पंचविशीची होती.

त्यानंतर मोटारीत मला कधी वारं आलं नाही. रसूलभाईंनी एकदा विचारलं, आई रुसली काय म्हणून. पुढची जागा मात्र त्यांनी तशीच ठेवली.

आता आम्ही दोघीच आहोत. पारूचे केस पांढरे झालेत, कंबर वाकली आहे. कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू असतं, रोज ताजं. मी आता कुठं जात नाही, पण उन्हाळ्यात ती अजून फडकी भिजवते. आज सकाळीही माझ्या पायांना गुंडाळली आणि नेहमीसारखं विचारलं, "गार लागतंय का, आक्का?"

मी व्हय म्हणाले. त्या पायांना गार-गरम कळायचं थांबून कितीतरी वर्षं झाली.