काकांनी केलेले साहेब

भोंगेवाले काका पाणी मागायचे तेसुद्धा सभा जाहीर केल्यासारखं. चिखलीत वीस वर्षं जीपवर भोंगा बांधून त्यांनी सगळ्याच पक्षांच्या सभा पुकारल्या. सर्वात जास्त आमच्या आमदारसाहेबांच्या. ऐकून ऐकून साहेबांचा आवाज त्यांच्या गळ्यात असा बसला होता, की चहाच्या टपरीवर त्यांनी तो काढला की पाठमोरे बसलेले कार्यकर्ते उठून उभे राहायचे.

आम्ही चार मित्रांनी साहेबांवर सिनेमा करायला घेतला, तेव्हा साहेबांचं काम काकांकडेच गेलं. गोष्ट काळीकुट्ट होती. गावात दूषित पाण्याने माणसं मरतात आणि नेता प्रत्येकाच्या तेरवीला जाऊन पाण्याच्या टाकीचं भूमिपूजन करतो.

"काका, लोकांना हसू आलं पाहिजे," मी म्हणालो.

"येईन त्याइले. मले नाही येऊन राह्यलं."

शेवटच्या भूमिपूजनाचं शूटिंग त्यांनी एका दमात केलं. नंतर जीपमध्ये जाऊन बसले ते उतरेचनात. मी जवळ गेलो. "हे सारं मीच पुकारत होतो ना बे," ते म्हणाले. "लोकं माह्या आवाजावर येत होते."

सिनेमातला एक तुकडा कसा कोण जाणे मोबाइलवर फिरला. साहेबांची माणसं काकांच्या घरी आली. कॅमेऱ्यासमोर माफी माग म्हणाली. काकांनी हात जोडले. "मागतो भाऊ. पन कोनाच्या आवाजात मागू?"

कोणी हसलं नाही. त्या दिवसापासून त्यांना पुकारायला कोणी बोलावलं नाही. साहेबांनी नाही, विरोधकांनीही नाही. कापडाच्या सेलवाल्यांनीसुद्धा दुसरा माणूस बघितला. आमचा खेळ ठरला होता, पण थिएटरवाल्याने आदल्या दिवशी पंखे बिघडल्याचं कळवलं. मी पुण्याला नोकरी धरली. मला जाता आलं. काकांना कुठे जाता येणार होतं?

गेल्या वर्षी आजारपणात मुलीने त्यांना मलकापूरला आपल्याकडे नेलं, तिथे मी भेटायला गेलो. चार शब्द बोलले तरी त्यांना दम लागत होता.

"पिच्चर लागला का कुठी?"

"लागला ना. पुण्यात. लोक पोट धरून हसले," मी खोटंच सांगितलं.



"मंग त्याइले समजला नाही."

पंधरा दिवसांत ते गेले. त्यांचं काम पूर्ण बघून हसलेला किंवा रडलेला असा एकही माणूस अजून नाही.