मामेसासऱ्यांचं वनभोजन

उभ्या निजामशाहीत झाडांकडे पाहुणा म्हणून जाणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्या नशिबी मामेसासरा म्हणून आला. माणसं देवाला जातात, लग्नाला जातात, फार तर तारखेला कचेरीत जातात. आमचे मामा झाडाला जात. तेही एकटे नाही. बायको, पोरं, बहीण, भाचा, भाच्याची नवी नवरी असं सगळं बिऱ्हाड बैलगाड्यांत कोंबून, धपाट्यांची चळत आणि दह्याचं मडकं सांभाळत डोंगर चढायचे आणि एखाद्या बुंध्यापुढे आम्हांला रांगेत उभं करून म्हणायचे, "हां, आता वळख करून घ्या." बीडच्या तहसिलीत ते पेशकार होते, म्हणजे साहेबापुढे कागद ठेवायचे आणि साहेबाची सही वाळेपर्यंत उभं राहायचं. साहेब दौऱ्यावर आला तरच मामा शेरवानीची गळ्याजवळची गुंडी लावत, आणि तीही साहेबाचा घोडा दिसल्यावर. झाडाकडे जाताना मात्र ती गुंडी घरातूनच लावलेली असे. घाटात घामाच्या धारा लागल्या तरी काढायची नाही. मामी म्हणत, अहो, झाड काय तुमची बदली करणार आहे का? मामा उत्तर देत नसत. कचेरीतल्या माणसाला उत्तर न देण्याची कला असते, ती मामांना घरीही वापरता येई.

मला बघायला आले तेव्हाची गोष्ट ऐका. माझं माहेर गेवराईकडचं, गोदावरीपासून जवळ. पाहुणे आले, पानसुपारी झाली, मी डोक्यावर पदर घेऊन पाटावर बसले. मुलाचे मामा म्हणून पहिला प्रश्न मामांनी विचारायचा, तर ते ओसरीवर नाहीतच. शोधाशोध झाली. मामा आमच्या परसातून निघून पार नदीच्या काठावर गेले होते आणि तिथल्या वडाच्या पारंब्यांतून आत शिरून मूळ खोड कोणतं ते हुडकत होते. परत आले ते अंगभर जाळी-जळमटं घेऊन. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगी पसंत हाय. असला वड ज्या गावानं राखला, ते गाव पोरी वाईट वाढवणार न्हाई." पुढे कित्येक वर्षं सासरी माझी ओळख 'त्या वडाच्या गावची' अशीच होती. मी मेली स्वयंपाक करते, विणकाम करते, गाणी म्हणते, त्याचं कुणाला काही नाही. वड चांगला म्हणून सून चांगली! मला त्याचा राग यायचा. अजूनही थोडा येतो, पण आता तो राग करायला माणूस नाही.

आमच्याकडे कार्तिकात आवळीभोजन असतं. दिवाळी झाली की लोक डबे बांधून आवळ्याच्या झाडाखाली जेवायला जातात. मामांना ह्या प्रकाराचा मनापासून तिटकारा. त्यांचं म्हणणं, आवळ्याच्या झाडाखाली एक माणूस धड बसत नाही, तिथं कुटुंबानं जायचं कशाला? कुटुंब मोठं असेल तर झाडही मोठं हवं. म्हणून कार्तिकातलं आमचं वनभोजन ते कपिलधारच्या वरच्या डोंगरात नेत, एका गोरखचिंचेखाली. गोरखचिंच ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते, ते झाड नसतंच, ती भिंत असते. राखेच्या रंगाचं, गुळगुळीत, हत्तीच्या पायासारखं खोड, आणि वर फांद्या अशा तोकड्या की खोड करता करता देवाचं सामान संपलं असावं. गंमत अशी की कार्तिकात ह्या झाडाची पानं गळायला लागतात. म्हणजे आवळ्याची सावली पुरत नाही म्हणून आम्ही एवढा डोंगर चढायचा आणि बसायचं कुठं, तर भर उन्हात. हे मी पहिल्याच वर्षी बोलून दाखवलं. सासूबाईंनी मला कोपरखळी मारली आणि कानात म्हणाल्या, हे सगळ्यांना माहीत हाय, बोलायचं नसतं.

पहाटे निघायचं, कपिलधारला धबधब्याखाली अंघोळी करायच्या, देवदर्शन घ्यायचं, आणि गाड्या खाली सोडून उपाशीपोटी वर चढायचं. झाडाची भेट झाल्याशिवाय तोंडात घास घालायची परवानगी नव्हती. आणि भेट म्हणजे नुसता नमस्कार नव्हे. सगळ्या घरानं हातात हात धरून बुंध्याला वेढा घालायचा, गाल खोडाला टेकवायचा, आणि साखळी पुरी झाली की मामा साहेबी थाटात ओरडत, "मुआयना हो गया!" म्हणजे तपासणी झाली, मग हात सोडायचे आणि जेवायला पळायचं. बायका एका बाजूनं, पुरुष एका बाजूनं. पण गोल म्हटला की दोन ठिकाणी बायका-पुरुषांचा सांधा येणारच. त्याचा बंदोबस्त मामांनी पेशकाराच्या डोक्यानं केला होता. एका टोकाला नवरा-बायको, दुसऱ्या टोकाला बहीण-भाऊ. लग्नानंतरच्या पहिल्या कार्तिकात नवरा-बायको म्हणून आमची नेमणूक झाली. घरात सासूबाईंसमोर ह्यांच्याशी बोलायचीसुद्धा चोरी, आणि इथं सगळ्या खानदानासमोर हुकूम सुटला, "सूनबाई, धर त्याचा हात. घट्ट धर. झाडाला ढिला हात चालत न्हाई." मी धरला. लाजेनं गाल लाल झाला होता, पण तो खोडाला लावलेला असल्यामुळे कुणाला दिसला नाही. मोठ्या झाडांचा हा उपयोग मला त्या दिवशी कळला.

दुसऱ्या टोकाची गोष्ट मात्र बिनसलेली होती. तिथं पूर्वी मामा, मग त्यांचे धाकटे भाऊ आणि मग सासूबाई अशी तिघं भावंडं ओळीनं उभी राहत. माझ्या लग्नाच्या आधी धाकट्या मामांनी केजला नवं घर बांधायला काढलं आणि तुळईसाठी बांधावरचा जुना लिंब तोडला. लिंब म्हणजे आपला कडुलिंब. शेत सामाईक, बांध सामाईक, त्यामुळे लिंबही सामाईक. धाकट्यांनी विचारलं नाही. मामा सुट्टीवर गावी गेले तेव्हा त्यांना खोडाच्या जागी खड्डा दिसला. भांडण झालं नाही, भांडण झालं असतं तर बरं. मामा तसेच मागं फिरले आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं बंद. "मला इचारलं असतं तर मीच कुऱ्हाड आणून दिली असती," एवढं एकदा बहिणीजवळ बोलले, पुन्हा कधी नाव काढलं नाही. धाकटे मामाही हट्टी. मोठ्यानं बोलावल्याशिवाय यायचे नाहीत. ह्या दोघांच्या मध्ये सापडल्या त्या सासूबाई. भाऊबीजेला एकाला सकाळी बीडात ओवाळायचं आणि दुसऱ्यासाठी केजला गाडी जुंपायची. एकदा रस्त्यात बैल बसला आणि केजला पोचेपर्यंत तीज उजाडली. त्या रात्री आल्यावर त्या तबक ठेवून भिंतीकडे तोंड करून निजल्या. दोघं भाऊ पाटाला पाट लावून बसलेले पाहायचे, एवढंच त्या बाईला हवं होतं, दुसरं कधी काही मागितलं नाही.

आणि झाडाचा गोल काही पुरा होईना. मामांचा एक हात मोकळा, सासूबाईंचा एक हात मोकळा, मध्ये फट. पोरं वाढत होती, नव्या सुना येत होत्या, फट लहान होत होती, पण एका माणसाएवढी उरायचीच. मामा ते कबूल करत नसत. पाऊस बरा झाला असला की म्हणत, झाड पाणी पिऊन फुगलंय. दुष्काळ पडला त्या वर्षी म्हणाले, उन्हानं फुगलंय. आम्ही खोडाला चिकटून असे ताणले जायचो की माझ्या नणंदेच्या बांगड्या पिचल्या. आमचे हे एकदा म्हणाले, मामा, तेवढ्यापुरतं उपरणं धरू या दोघांत. मामांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ह्यांनी उपरणं पुन्हा खांद्यावर टाकलं. शेवटी मामा 'मुआयना' न म्हणताच हात सोडत आणि कुणाकडे न बघता धपाटे वाढायला घेत. पूर्वी ते गाल टेकवून बहिणीकडे तोंड करत. आता फटीकडे पाठ करून उभे राहू लागले. 

मग एका वर्षी सासूबाईंनी मनाशी काही ठरवलं. सासऱ्यांना गुडघ्यांमुळे डोंगर चढवत नसे, ते घर राखत, त्यामुळे त्यांना सांगायचा प्रश्न नव्हता. केजच्या बाजाराला हे जाणार होते. त्यांच्याजवळ सासूबाईंनी धाकट्या भावाला निरोप दिला, की दादानं बोलावलेलं न्हाई, मी बोलावतेय, आणि ह्या खेपेला आला न्हाईस तर पुढच्या भाऊबीजेपासून तुझ्या दारात मी यायची न्हाई. मामींना आणि मला त्यांनी विश्वासात घेतलं. मामींचं काम मामांना रेंगाळू न देता झाडाशी उभं करायचं, माझं काम पोरांची तोंडं बंद ठेवायचं. पोरांचं तोंड कशानं बंद होतं ते मला ठाऊक होतं. गोरखचिंचेच्या फळात पांढरा आंबट गर असतो, तो, हा काही घास नव्हे म्हणत, एकेकाच्या तोंडात कोंबला.

गोल झाला. नवरा-बायकोच्या टोकाला आता नव्या जोडीची नेमणूक होती, त्यामुळे मी सासूबाईंच्या शेजारी होते. मामांनी सवयीनं फटीकडे पाठ फिरवली, गाल टेकवला आणि आपला मोकळा हात मागं पसरून ठेवला, नेहमी ठेवत तसा. घळीतल्या दगडांआडून धाकटे मामा आले. चप्पल त्यांनी लांबच काढली होती. माणूस डोंगर चढून आलेला, धाप लागलेली, पण श्वाससुद्धा दाबून धरलेला. त्यांनी आधी बहिणीचा हात धरला. मग जरा थांबले, आणि भावाचा धरला.

धाकट्या मामांची करंगळी वाकडी होती. लहानपणी मामांनीच ती दारात चेंगरली होती. मामांनी मान वळवली नाही, पण त्यांची बोटं त्या करंगळीवरून एकदा फिरली आणि तिथंच थांबली. आता मामा 'मुआयना हो गया' म्हणणार म्हणून आम्ही वाट बघतोय, तर बोलतच नाहीत. हात भरून आले. खोडावरच्या मुंग्या माझ्या पदरात शिरल्या. एका पोरानं गर थुंकला. मामी शेवटी म्हणाल्या, अहो, सोडा की आता. मामा खोडाशीच बोलल्यासारखे बोलले, "हात गार हाय. सकाळपासून काई खाल्लं न्हाईस ना?"

"न्हाई."

"कावून?"

"भेट झाल्याबिगर तुमी जेवू देता व्हय कुणाला, दादा."

मामा हसले का रडले ते मला सांगता येणार नाही, कारण त्यांचं तोंड पलीकडे होतं. सासूबाईंचं दिसत होतं. त्यांनी कपाळ खोडाला टेकवलं होतं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्ही हात अडकलेले असल्यामुळे पुसता येत नव्हतं. मामांनी तो हात लवकर काही सोडला नाही. जेवताना भावाच्या पानात स्वतः दही वाढलं, आणि खाली गाड्यांशी आल्यावर सरळ भावाच्या गाडीत चढून केजला निघून गेले. कचेरीत रजेचा अर्ज नाही, काही नाही. आयुष्यभर शिस्तीनं नोकरी केलेला माणूस कित्येक दिवस गायब झाला. साहेबाचा शिपाई घरी विचारायला आला तेव्हा मामींनी सांगितलं, नातेवाईकांच्या घरी आजारपण आहे. परत आल्यावर मामांनी एवढंच सांगितलं, की लिंब बघून आलो, तुळई चांगली बसलीय, खाली झोपायला गार वाटतं.

पुढच्या भाऊबीजेला आमच्या ओसरीवर दोन पाट शेजारी मांडले. सासूबाई तबक घेऊन आल्या. आधी मोठ्याला ओवाळायचं, हे सगळ्या जगाला माहीत आहे, पण त्या बाईला ते त्या दिवशी सुचेना. मधोमध उभी राहिली आणि दोघांना मिळून एकदम ओवाळलं. मामांनी काही तक्रार केली नाही.

अशा दिवाळ्या पुष्कळ व्हायला हव्या होत्या, पण थोड्याच झाल्या. मामा एका उन्हाळ्यात गेले, आणि मागोमाग धाकटेही. भाऊ नसलेली बाई बीजेच्या चंद्राला ओवाळते, तशा सासूबाई मग चंद्राला ओवाळू लागल्या. बीजेची कोर दिसते न दिसते तोच मावळते, त्यामुळे मी तबक घेऊन आधीच गच्चीवर उभी राहत असे. त्या जिना चढून येत, कोर हुडकत, एकदा ओवाळत, तबक खाली घेत, आणि मग घाईघाईनं पुन्हा एकदा ओवाळत. पहिल्या वर्षी मी म्हटलं, झालं की एकदा. त्या म्हणाल्या, "अगं, माझे भाऊ दोन."