ब्याण्णव, लिहून घ्या

माझी मावशी अंगानं भरलेली. लहानपणापासूनच. तिचं शिलाईचं दुकान आहे. माप देताना एखादी बाई पोट आत ओढून उभी राहिली, की मावशी टेप खाली सोडते. म्हणते, "श्वास सोड गं बाई. कपडा तुला घालायचाय, घालून जेवायचंय, हसायचंय. माप खरं दे."

काका बँकेतून निवृत्त झाले आणि दोघांनी मिळून लांबच्या प्रवासाची मोटरसायकल घेतली. रुंद सीट, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, मागच्याला टेकायला गादी. रंग मावशीनं निवडला. रविवारी काकांच्या वयाच्या मंडळींचा ग्रुप निघायचा, त्यात हे दोघं, आणि मागून सगळ्यांच्या सामानाची एक मोटार. ग्रुपचा म्होरक्या होता कॅप्टन. सैन्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, पण गळ्यात शिट्टी असायची.

एका रविवारी खड्ड्यातून जाताना गाडीचा मागचा भाग धाडकन खाली बसला. धक्के झेलणारे मागचे शॉक पार तळाला टेकले, चाक मडगार्डला घासलं. मावशीच्या कण्यातून कळ गेली. पुढे चहाला थांबल्यावर कॅप्टन म्हणाला, "वहिनी, पुढच्या खेपेला तुम्ही सामानाच्या मोटारीत बसा. आरामात याल. मोटरसायकललाही जीव आहे हो!"

सगळे खो खो हसले. काकाही थोडंसं हसले. मावशीनं तेवढंच पाहिलं.

घरी आल्यावर तिनं हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही का हसलात?"

"अगं, सगळे हसले म्हणून..."

"सगळ्यांच्या मागे मी बसत नाही. तुमच्या मागे बसते."

काका बुटाची नाडी सोडायला वाकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एकदोनदा मोटारीतून आलीस तर काय बिघडतं?"

"बिघडतं. मला वारा लागायला हवा. मी काही कमी होणार नाही. गाडीचं काय करायचं ते करा."

काकांनी गॅरेजमध्ये जाऊन शॉक बदलून आणले. नवे, चकचकीत. मावशी खूश झाली. रविवारी निघाले, आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात पुन्हा धाडकन! पुढून कॅप्टननं आरशात पाहून मान हलवली.

सोमवारी मावशीनं दुकानाला कुलूप लावलं आणि काकांना घेऊन स्वतः गॅरेजमध्ये गेली.

"मिस्त्री, शॉक खराब निघाले का?"

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "शॉक उत्तम आहेत, ताई. पण आतली स्प्रिंग बसणाऱ्यांच्या वजनावर ठरते. काकांनी सांगितलं तेवढ्याला ही बरोबर आहे."

"माझं किती सांगितलं?"

मिस्त्रीनं काकांकडे पाहिलं. काका भिंतीवरचे टायर फार मन लावून पाहत होते.

"सत्तर," मिस्त्री म्हणाला.

"सत्तर?" मावशी काकांकडे वळली. "सत्तर मी दहावीत होते!"

"चारचौघांत कसं सांगायचं..." काका पुटपुटले.

"असं." मावशीनं आवाज चढवला. "ब्याण्णव. लिहून घ्या, मिस्त्री. कोपऱ्यातल्यांना ऐकू आलं नसेल तर पुन्हा सांगते. ब्याण्णव! पाठ माझी मोडतेय आणि लाज यांना वाटतेय."

बाकावर बसलेल्या दोघांनी घाईघाईनं मोबाइलमध्ये डोकं घातलं. मिस्त्री मात्र हसला नाही. "कडक स्प्रिंगा मागवतो," म्हणाला. "बसवायच्या दिवशी दोघंही या. पेट्याही भरून आणा."

त्या दिवशी त्यानं आधी रिकाम्या गाडीचं माप घेतलं, चाकाच्या मधल्या नटापासून वर मडगार्डपर्यंत. मग दोघांना बसवलं. तो टेप घेऊन खाली वाकला आणि मावशीनं नकळत पोट आत ओढलं. आपण काय करतोय हे लक्षात आल्यावर तिचं तिलाच हसू फुटलं, आणि तिनं श्वास सोडून दिला. गाडी बसते किती ते पाहून मिस्त्रीनं पान्यानं शॉकवरची, स्प्रिंग दाबून धरणारी कडी थोडी आवळली, पुन्हा माप घेतलं आणि म्हणाला, "आता जमलं."

रविवारी कॅप्टननं मोटारीकडे बोट दाखवलं. "वहिनी, जागा ठेवलीय तुमच्यासाठी."

हेल्मेटचा पट्टा लावत मावशी म्हणाली, "मग तुमच्या पिशव्या टाका तिथे. मी माझ्या जागेवर बसलेय."

उखडलेला रस्ता आला. काकांचे खांदे ताठ झाले. गाडी खड्ड्यात उतरली, दबली आणि अलगद वर आली. आवाज नाही, कळ नाही. मावशीनं त्यांच्या पाठीवर थाप मारली. "घ्या पुढे!" काकांनी कॅप्टनला मागे टाकलं. कॅप्टननं शिट्टी वाजवली, पण यांनी काही वळून पाहिलं नाही.

पुढच्या थांब्यावर कॅप्टन वाकून शॉक न्याहाळत होता. "किती वजन झेपतं याला?"

"तुमचं किती ते मोठ्यानं सांगा," मावशी म्हणाली, "मिस्त्रीला विचारते." तो शॉक सोडून चहाकडे वळला.

आता एक अडचण झाली आहे. त्या स्प्रिंगा दोघांच्या मापाच्या, त्यामुळे काका एकटे निघाले की गाडी त्यांना चेंडूसारखं उडवते. मिस्त्री म्हणाला, एकट्यानं जाताना कडी सैल करत जा. काकांनी तो पाना अजून घेतलेला नाही. भाजी आणायची झाली तरी ते दुकानासमोर गाडी लावतात, हॉर्न देतात आणि मावशी मशीन थांबवून येईपर्यंत उभे राहतात.