फ्रीज बंद करून चार्ज केलेली गाडी

मंडळी, घरी येऊन अंघोळ केली तरी नाकातला वास जात नाहीये.

आज आमच्या कुवेतमधल्या महबूला भागातल्या मराठी ग्रुपचा वाळवंटात कॅम्प होता. मालवणचा सदा इथे एसी मेकॅनिक आहे. आठवड्याच्या एकुलत्या एक सुट्टीला पहाटे उठून त्याने वीस जणांसाठी सुरमई आणली, मसाला लावून कॅम्पवरच्या पत्र्याच्या कॅरव्हॅनमधल्या फ्रीजमध्ये ठेवली.

आमच्यातल्या एका डॉक्टरसाहेबांनी नवी इलेक्ट्रिक गाडी कॅरव्हॅनच्याच सॉकेटला चार्जिंगला लावली. ब्रेकर सारखा पडायला लागला, तर पठ्ठ्याने कुणाला न सांगता फ्रीज बंद केला! वर कॅरव्हॅनला वीज पुरवणाऱ्या डिझेलच्या जनरेटरशेजारी उभं राहून आम्हाला ऐकवतो, "आपली गाडी धूर सोडत नाही."

दुपारी सदाने फ्रीज उघडला. शी! त्या तापलेल्या पत्र्याच्या खोलीतून सगळे नाक धरून बाहेर पळाले.

"मासेच होते ना? वाटेत काहीतरी खाऊ," साहेब म्हणाले.

सदा एकटाच फ्रीज घासत बसला. त्याला घरी सोडायचं कबूल केलं होतं याच साहेबांनी. निघताना काच अर्धी खाली करून म्हणतात, "सदा, तुझ्या कपड्यांना वास येतोय रे. दुसऱ्या कुणाबरोबर ये."

साहेबांची किळस आली. पण मी त्याच गाडीत पुढच्या सीटवर बसलो होतो, आणि बसूनच राहिलो.

तुम्ही उतरला असतात का?