पलटणीला पुरेल एवढं पाणी

सरपंचांचा फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात बुडालेली होते. "मॅडम, तुम्ही गावाच्या भाची. गावाचा इतिहास तुम्हीच लिहायचा. जत्रेत प्रकाशन करू." शिरूरच्या कॉलेजात इतिहास शिकवता शिकवता माझी उमेद बरीचशी झिजली होती. पण दौंड तालुक्यातलं, भीमेकाठचं ते माझं आजोळ. नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं. मी हो म्हटलं.

लवकरच कळलं, की त्या गावाबद्दल जुनं लिहिलेलं जवळजवळ काहीच नाही. शिरूरजवळच्या इनामगावात उत्खननात जमिनीखालून मडकी निघाली, चुली निघाल्या. आमच्याकडे खणलं तर काळी माती आणि त्याखाली मुरूम. शेवटी हाताशी आली ती इंग्रजांच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या एका लष्करी पाहणीची प्रत. शिरूरला त्यांची छावणी होती. पलटण कधीही हलवावी लागली तर तयारी असावी, म्हणून त्यांचे अधिकारी आसपासच्या वाटा हिंडून बघून ठेवत. मुक्काम कुठं करता येईल, पाणी किती, चारा किती, पावसाळ्यात नदी कुठून ओलांडायची. आमच्या गावाच्या वाट्याला एकच परिच्छेद आला होता. विहिरींचं पाणी गोड, पलटणीला पुरेल एवढं. गवत भरपूर. घोडी नाहीत. बैल लहान चणीचे. नदी ओलांडायला गावाखाली उतार, तळ खडकाळ. पूर्वेची आमराई तळ ठोकायला चांगली.

माणूस एकही नाही.

साधन म्हणून तो मजकूर मोलाचा होता, हे मला कळत होतं. लिहिणाऱ्याला गावाची खुशामत करायची नव्हती. आमराई होती, पाणी गोड होतं, हे त्या काळचं दुसऱ्या कुणी लिहून ठेवलंच नव्हतं. पण दर वेळी वाचून झालं की थकवा यायचा. माझ्या आजोळाकडे बघून त्यानं फक्त इथून काय काय नेता येईल तेवढंच टिपलं होतं.

सरपंच तर नाराजच झाले. "घोडी न्हाईत? आवो, आपल्या पूर्वजांनी स्वारीला घोडी दिली, असं समदं गाव सांगतंय. ते लिहा की."

"कागदात नाही तसं."

"मंग कागद चुकला आसंल."

तेही अशक्य नव्हतं. साहेब मोजायला येतोय म्हटल्यावर घोडी कुणी दारात कशाला बांधून ठेवील? पण ते मी सिद्ध कुठून करणार?

एका रविवारी एसटीनं गावी गेले आणि मामांना घेऊन नदीवर गेले. मामा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आता थोडा कांदा, थोडा ऊस. बंधाऱ्यामुळं पाणी तुंबलेलं, वर जलपर्णीचा हिरवा थर. उतार कुठं होता ते दिसणं शक्यच नव्हतं. पूर्वेला आमराई नव्हती, नुसता ऊस. काठावर बसून मी त्यांना तो परिच्छेद मराठीत वाचून दाखवला.

"पुन्यांदा वाच," मामा म्हणाले.

मी वाचला.

"लिहिनारा पक्का गडी व्हता. तळ खडकाळ म्हंतोय, म्हंजी तोफंचा गाडा रुतनार न्हाई. सोता पान्यात उतरून बघितलंय त्यानं." मग हळूच म्हणाले, "आमीबी असंच लिहायचो."

"कुठं, मामा?"

"वर, सरहद्दीला. साहेबासंगं गावागावात जायचो. पानी हाय का, वाटंवर ट्रक चालंल का, कुठल्या छतावरनं घाट दिसतोय. एका घरात म्हातारीनं चहा दिला. मिठाचा. घशाखाली उतरंना, पर प्यालो. तिनं हातानं इचारलं, काय लिहिताय? मी काय सांगनार? हसलो नुसता. तिच्या नातीला ताप व्हता. फडक्यात बर्फ घेऊन ती पोरीच्या कपाळावर धरत व्हती. आन् आमी लिहिलं, छत मजबूत, धा जवान ऱ्हातील."

"आणि पोरीचं?"

"त्याला कुठं रकाना व्हता?"

हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. घरी आम्हाला माहीत होत्या त्या बर्फाच्या आणि लंगरच्या जेवणाच्या गोष्टी. परत निघताना बांधावर थांबून त्यांनी विचारलं, "ह्या गोऱ्या सायबाला आपल्यातल्या कुनी पानी दिलं आसंल का गं?"

"दिलं असेल."

"दिल्याबिगर ऱ्हात न्हाईत आपली मानसं," असं म्हणून ते पुढं चालू लागले.

पुस्तक जत्रेत निघालं. स्वारीला दिलेल्या घोड्यांबद्दल मी एक ओळही लिहिली नाही; सरपंचांनी ती आपल्या मनोगतात लिहिली, आणि मुखपृष्ठावर भाला घेतलेला स्वार छापला. भांडायची ताकद माझ्यात नव्हती. तो परिच्छेद मात्र आत जसाच्या तसा आला, आणि त्याचा ताप मलाच झाला. आमराई आमच्याच रानात होती, असं दोन भावक्यांचं म्हणणं. कधी हे फोन करतात, कधी ते. "मॅडम, पूर्वेची म्हंजी नेमकी कुठनं पूर्वेची?" मी सांगते, लिहिणारा कुठं उभा होता ते त्यानं लिहिलेलं नाही. त्यांना ते पटत नाही.

मामांनी मला आता वेगळंच काम लावलंय. ते वरचं गाव लिहून घे, म्हणतात. पेपर तपासून उरलेल्या एखाद्या रविवारी मी जाते. ते ओसरीवर बसून सांगतात: दगडी भिंती, छपरावर वाळत घातलेलं गवत, म्हातारीचा पितळी पेला. गावाचं नाव विचारलं की मान हलवतात. "नाव नको. आजून तिथं आपली पोरं हायेत."

"आणि त्या नातीचा ताप?"

"कळलं न्हाई. आमी सकाळी फुडं निघालो."

आतून मामींचा भाकरी थापल्याचा आवाज येत राहतो. शिरूरची गाडी चुकायला नको म्हणून थोड्या वेळानं मीच उठते.