राक्षसाला हवा होता नारळ

आमच्या कडावच्या जत्रेत राक्षस सूर्य मावळायच्या आत मरायला हवा, असा रिवाज होता. नाटक दुपारी सुरू व्हायचं. वध झाला की देवाची पालखी उठायची, आणि पालखी उठल्याशिवाय गावजेवणाची पंगत बसत नसे. वध करणाऱ्या वीराला तिथेच, सगळ्यांसमोर, मानाचा नारळ मिळायचा. वीर दर वर्षी गावातल्या जुन्या घरांतला, बहुतेकदा पाटलांच्याच. राक्षस दर वर्षी आमच्या घरातला.

आजोबा घाटावरून इथे आले त्या वर्षी राक्षस व्हायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ते सोंग नव्या माणसाच्या गळ्यात घातलं. मग वडील राक्षस झाले, मग मी. तीन पिढ्या आम्ही मरत आलो. ज्याच्या उंबऱ्यावर मानाचा नारळ फुटला तो गावचा, बाकीचे राहायला आलेले. हे तोंडावर कुणी बोलत नसे, पण आईला पाणवठ्यावर ते बरोबर कळायचं आणि घरी येऊन ती भांडी आपटायची. मला तो नारळ हवा होता. तिच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा जास्त माझ्यासाठी.

हे साठच्या दशकातलं. आज माझा पेंढ्याचा आणि पशुखाद्याचा व्यापार खालापूरपर्यंत आहे, पण तेव्हा मी सायकलला दुधाच्या किटल्या लावून कर्जतला जायचो. दूध घालून झालं की रिकाम्या किटल्या परत मिळेपर्यंत वाचनालयात बसायचं. तिथे फुकट बसता येत होतं, एवढंच सुरुवातीचं कारण. मग जुन्या पोथ्यांची गद्य पुस्तकं हाताला लागली, नंतर परदेशी कथांची भाषांतरं. मी सगळ्यांत आधी राक्षस शोधायचो, आपल्या घरचं माणूस शोधावं तसा.

आणि वाचता वाचता मला झोपच येईना. पोथीत कुणी तरी तप करतो, देव प्रसन्न होतो, वर देतो, आणि मग सगळे देव मिळून रडत बसतात की हा आता आवरत नाही. परदेशी कथांत देवाच्या जागी एखादा हुशार माणूस. तो काहीतरी जिवंत घडवतो आणि त्याचं तोंड बघून घाबरतो. मी दूधवाला माणूस, माझ्या डोक्यात हे दुकानाच्या भाषेत उतरलं. घडवणारा म्हणजे माल देताना गोड बोलणारा आणि तक्रार घेऊन गेलं की फळी लावून घेणारा दुकानदार. वीर येतो तो त्याची घाण काढायला. त्याचं शौर्यही मला स्वस्त वाटायला लागलं, कारण वर देणाऱ्याने प्रत्येक वरामध्ये मारायला एक फट ठेवलेली असते आणि ती कुठे आहे हे वीराला कुणी तरी आधीच कानात सांगितलेलं असतं. दिलेला शब्द पुरता पाळला जाईल असं धरून चालणारा त्या सगळ्या गोष्टीत एकटा राक्षस.

हे सापडलं त्या दिवशी मी कर्जत ते कडाव सायकल कशी हाणली ते मला आठवत नाही. एका किटलीचं झाकण वाटेत पडलं तेही कळलं नाही. थेट शाळेत गेलो. नाटक गुरुजी लिहायचे आणि वर देणाऱ्या देवाचं काम स्वतः करायचे, कापसाची दाढी लावून.

"गुरुजी, यंदा राक्षसाला वीस वाक्यं पायजेत."

"राक्षसाला पाच वाक्यं असतात. बाकी गर्जना."

"गर्जना तुमीच करा मग. मी नाय उभा राहात."

गुरुजी आठवर आले, दहावर आले. मी दोनदा उठून दारापर्यंत गेलो, दोनदा त्यांनी हाक मारली. शेवटी अकरा वाक्यांवर सौदा ठरला, आणि बारावा एक प्रश्न, जो राक्षस मरण्याआधी देवाला विचारणार. तो प्रश्न मी सांगितला तेव्हा गुरुजींनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "हे तुला सुचलं?" मला वाटलं, कौतुक आहे.

जत्रेच्या आदल्या दिवशी त्यांनी प्रश्न काढून टाकला. पाटील म्हणाले, देवाला जाब विचारणं शोभत नाही. मी स्टुलाला लाथ घातली, ते दोन पाय वर करून पडलं. मग मात्र मी गप्प बसलो. व्यापारात मी पुढे जे शिकलो ते मला त्या दिवशीच थोडं उमगलं होतं: ज्याला घाई आहे तो सौद्यात हरतो. आणि उद्या घाई सगळ्या गावाला असणार होती.

दुसऱ्या दिवशी अकरा वाक्यं झाली. पाटलांचा मुलगा, शाळेत माझ्याच वर्गात असलेला, लाकडी तलवार घेऊन आला आणि त्याने वार केला. मी पडलो नाही. सूर्य माथेरानच्या डोंगरावर हातभर राहिला होता.

मी देवाकडे वळलो. "मी मागितला तसा वर दिलास. मग त्यात फट का ठेवलीस?"

गुरुजी दाढीतून पुटपुटले, "हे काढलंय रे."

"आमी नाय काढलं."

पुढच्या रांगेत हशा झाला. वीराने पुन्हा वार केला, या वेळी खराच. खांदा बधिर झाला, पण मी उभाच. तो दात आवळून म्हणाला, "मर ना रं. पोरं सकाळपासून उपाशी हायत."

पाटील जागचे उठले. "ए, आटप. पालखी उचलायची हाय."

"मरतो की पाटील. पण नारळ कुणाचा?"

"नारळ वीराचा. मेलेल्याला नारळ देतात काय?"

"मग मरायच्या आधी द्या."

यावर लोक हसले, आणि ते हसणं माझ्या बाजूचं आहे हे मला अंगभर कळलं. बायकांच्या बाजूने आईचा आवाज आला, "मरू नको रं एवढ्यात. बोलू दे त्यांना." कुणी तरी ओरडलं, द्या हो नारळ, भात गार होतोय. सूर्य डोंगराला टेकला. पाटील एकदा सूर्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मी गळ्यातली रंगवलेली हाडं सरळ केली.

तेवढ्यात गुरुजी पुढे आले. मानाच्या ताटातला नारळ त्यांनी उचलला आणि देवाच्या आवाजात म्हणाले, "वत्सा, तुझा हट्ट पुरा करतो. जिवंत असेपर्यंत हा नारळ तुझा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी दोन्ही हातांनी नारळ घेतला, आईकडे बघितलं, आणि ठरल्याप्रमाणे, शब्दाचा माणूस म्हणून, धाडकन पडलो.

पाठ मंचाच्या फळ्यांना लागली तेव्हा ते वाक्य मला कळलं: जिवंत असेपर्यंत, म्हणजे मेल्यावर नाही. वर्षभर राक्षसांची पुस्तकं वाचलेला मी, नेमका तसाच फसलो होतो.

पाटलांचा मुलगा वाकला आणि नारळ ओढायला लागला. मी बोटं आवळली. डोळे मिटलेले, श्वास रोखलेला.

"सोड रं."

"मेलेल्याला ऐकू येत नाय," मी ओठ न हलवता म्हणालो.

त्याने पाय लावून ओढलं. लोक पोट धरून हसत होते. मग ढोल वाजला, कारण सूर्य गेला होता आणि पालखीला थांबता येत नव्हतं. त्याने हात सोडले. नारळ माझ्या छातीवर राहिला.

आईने तो त्याच संध्याकाळी आमच्या उंबऱ्यावर फोडला आणि घरोघर तुकडे पाठवले. सगळ्यांनी घेतले. पाटलांच्या घरी ती स्वतः जायला निघाली, तर त्यांचा मुलगाच आमच्या दारात उभा. खोबरं चावत म्हणाला, "खांदा दुखतोय काय रं?" मी म्हटलं, नाही. दुखत होता.

गुरुजी मात्र पंगतीपासूनच सगळीकडे सांगायला लागले की तो प्रवेश त्यांनीच तसा लिहिला होता, प्रश्नासकट. म्हणून त्यांच्या घरी तेवढा मी तुकडा पाठवू दिला नाही. आई म्हणाली, असं करू नये, मोठे हायत ते. मी तो तुकडा तिच्या हातातून घेतला आणि तिच्यासमोर खाऊन टाकला.