वस्तादाचं नाव आधी

माझ्या मुलाच्या विद्यापीठात एक हॉल आहे. उतरत्या पायऱ्यांचा, लाल खुर्च्यांचा. त्या हॉलात मला परत न्यायचं नाही, असं आमच्या जेवणाच्या टेबलावर ठरलेलं आहे. ठरवलं मुलानं. मी "बरं" म्हणालो, पण माफी मागितली नाही आणि मागणारही नाही. का, ते लिहितो. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण दुसऱ्या कुणाकडून ऐकलंत तर म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं, एवढंच ऐकाल.

मी वस्ताद. कृष्णाकाठच्या आमच्या गावात तालीम चालवण्यात माझा जन्म गेला. आमच्याकडे कुस्तीच्या मैदानात एक रीत आहे. पैलवान हौद्यात उतरला की पुकारणारा आधी त्याचं नाव घेतो, मग गाव, आणि मग तो कुणाचा पठ्ठा ते सांगतो. वस्तादाचं नाव घेतल्याशिवाय जोड लागत नाही. शहरातल्या तालमीनं चांगल्या खुराकाचं आमिष दाखवून माझे पैलवान नेले, तेव्हा मी त्यांच्या नावानं शिव्या घातल्या. पण मैदानात त्यांनीसुद्धा जोड लागायच्या आधी माझं नाव घ्यायला लावलं. चोरी केली, तरी रीत मोडली नाही.

बायको गेल्यावर मुलानं मला ईडन प्रेरीला आणलं. मिनेसोटा राज्यातलं गाव. गाव म्हणायचं म्हणून म्हणायचं, माणूस दिसेल तर शपथ. सून एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. मुलगा मक्याचा शास्त्रज्ञ, प्रोफेसर. मका साठवला की त्याला बुरशी धरते आणि तिच्यातून विष तयार होतं, त्याचा तो अभ्यास करतो.

दोन हजार चार साली त्याला आफ्रिकेचं एक काम मिळालं. त्या दिवशी तो जेवताना इतका खुशीत होता की सुनेला सोडून मलाच समजावत बसला.

"आबा, टांझानियातलं एक विद्यापीठ आहे. तिथं शिकवणारे पुष्कळ, पण पीएचडी झालेले नाहीत. आणि स्वतः पीएचडी नसेल तर दुसऱ्याची करून घेता येत नाही. हुशार मुलं बाहेर जातात, ती बाहेरच राहतात. म्हणून आता तिथंच करायचं. नाव तिथं नोंदवायचं, पहिला गाइड तिथला, मी दुसरा. इथं वर्ष-दीड वर्ष येऊन मशीनवर काम शिकायचं आणि परत जायचं."

"म्हणजे दुसऱ्याच्या गावात तालीम बांधून द्यायची."

"अगदी तेच, आबा!"

अगदी तेच, असं तो म्हणाला होता. हे ध्यानात ठेवा. मी रात्रीतून गावाकडं फोन लावला आणि भावकीत सगळ्यांना सांगितलं, आमचं पोरगं आफ्रिकेत तालीम बांधतंय.

मग ती आली. तिशी ओलांडलेली बाई, त्या विद्यापीठात शिकवणारी. दोन पोरं आईकडं ठेवून आलेली. खोली मिळेपर्यंत आमच्या तळघरात राहायची म्हणून आली आणि तिथंच राहिली. पहिल्याच दिवशी मला "बाबू" म्हणाली. मी तडकलो. बाबू म्हणजे कचेरीतला, मला बाबू म्हणते?

सून हसायला लागली. "आबा, त्यांच्याकडे बाबू म्हणजे आजोबा!"

मग म्हटलं, चालेल.

तिच्या भाषेत आपले पुष्कळ शब्द आहेत. चपाती म्हणजे चपाती, दुनिया म्हणजे दुनिया, तयारी म्हणजे तयार. समुद्रावरून कधीतरी गेले असतील नाहीतर तिकडून आले असतील. तेवढ्यावर आमचं भागायचं, बाकीचं सून जोडून द्यायची. ती मक्याच्या पिठाची घट्ट उकड करायची, मी त्यावर लसणाची चटणी घालायचो. तिला घाम फुटायचा, पण ताट पुसून खायची.

तिच्या बोलण्यात सारखे तिचे गुरुजी. फार वर्षांपूर्वी ते परदेशातून पीएचडी करून परत आले, आणि त्या खात्यात तसे ते एकटेच. गावोगाव हिंडून कणगीतला मका हुंगायला तिला त्यांनीच शिकवलं. आता त्यांची निवृत्ती जवळ आली होती. त्याआधी हिची पीएचडी झाली आणि ही तिथं उभी राहिली, तर मागं थांबलेले तिच्याबरोबरचे शिक्षक हिच्या हाताखाली नाव नोंदवणार. नाही झाली, तर गुरुजी उतरले की खात्याला कुलूप. म्हणजे शिकवणं चालू, पण पीएचडी बंद. माझ्यासारख्याला कळलं एवढं सरळ होतं ते.

दुसऱ्या हिवाळ्यात तिचं काम सुरेख निघालं, आणि तिथंच सगळं बिघडलं.

एकदा मुलगा सुनेला सांगत होता, मी सोफ्यावर होतो. "तिला मी इथंच रजिस्टर करून घेतोय. डिग्री इथली मिळेल, नंतर माझ्या लॅबमध्ये जॉब. अशी स्टुडंट परत मिळणार नाही."

मी विचारलं, "आणि तिकडची तालीम?"

"आबा, तिकडे वीज जाते. मशीन बिघडलं तर दुरुस्तीला माणूस नाही. तिचं नुकसान का करायचं? तिचं भलं होतंय, तुम्हाला काय त्रास आहे?"

"वीज नाही म्हणूनच तर तुला काम दिलं ना त्यांनी? सगळं असतं तर तुला कोण विचारतंय?"

"ही तालीम नाही, आबा."

"तूच म्हणालास, अगदी तेच."

"तुम्ही दोघं आधी जेवून घ्या," सून म्हणाली. "कढी गार होतेय."

पण मुलाला आता राहवेना. "आणि मी परत गेलो असतो तर तुम्ही आज या गरम घरात बसला असता का?"

हे बोलणं त्यानं आयुष्यात पहिल्यांदा केलं. मी न जेवताच उठलो. गरम घर मी मागितलं नव्हतं. त्याला मी पाठवलं ते शिकायला, आणि तो राहिला त्याच्या मर्जीनं, त्याबद्दल मी कधी तोंड उघडलं नाही. पण त्याला नेणाऱ्यांनी आमच्या गावात तालीम बांधतो असं सांगून नेलं नव्हतं. यानं तसं सांगितलं होतं. तालीम बांधायला जायचं आणि असेल नसेल तो एक पैलवान घेऊन यायचा, याला आमच्याकडं काय म्हणतात ते मी इथं लिहीत नाही.

मग तिचं भाषण ठरलं. लॅबमधल्या आणि खात्यातल्या सगळ्यांसमोर आपलं काम मांडायचं. तिनंच मला बोलावलं, "बाबू, यायचं." मी धोतर नेसलो, फेटा बांधला, वर मुलाचा जुना जाड कोट. सुनेनं गाडी काढली.

हॉल भरलेला. मुलगा पुढं आला, हसत हसत बोलला. सून कानात सांगत होती, "म्हणतात, ही माझी स्टुडंट. म्हणतात, आमच्या लॅबमध्ये हे काम झालं." मी वाट बघत होतो. आता गावाचं नाव येईल, मग गुरुजींचं. टाळ्या झाल्या. मुलगा खाली बसला. ती बोलायला उभी राहिली, दिवे मंद झाले.

मी सुनेला विचारलं, "गुरुजींचं नाव घेतलं?"

"नाही, आबा."

"गावाचं?"

"आबा, हळू."

मी उभा राहिलो. मैदानात हाक मारायचा माझा गळा. "थांबा! वस्तादाचं नाव घेतलेलं नाही!"

सगळी डोकी मागं वळली. मुलगा उठून इंग्रजीत काहीतरी म्हणाला, तसे लोक हसले. काय म्हणाला ते सुनेनं मला अजून सांगितलेलं नाही. मी त्याच्याकडं बघितलंच नाही. तिच्याकडं बघून विचारलं, "तुझा वस्ताद कोण? उस्ताद?"

तिच्याकडंही हा शब्द आहे. तिला कळलं. तिनं पडद्यावरची चित्रं पुढं सरकवायचं हातातलं बटण खाली ठेवलं आणि गुरुजींचं नाव घेतलं. मग विद्यापीठाचं. मग ज्या गावात पहिली कणगी हुंगली त्या गावाचं. चांगली सावकाश बोलली. हॉलात कुणी हसलं नाही. मग मी बसलो. म्हटलं, आता लागू दे जोड.

आता तुम्हाला वाटेल तिनं माझे पाय धरले. कुठलं! गाडीत ती मागच्या सीटवर बसली आणि भडकली. सून गाडी चालवता चालवता सांगत होती, "आबा, ती म्हणते, इथं सगळ्यांचे आभार शेवटी मानायची पद्धत आहे. तिनं त्यांचं नाव शेवटी घातलं होतं. ती घेणारच होती."

"शेवटी? कुस्ती झाल्यावर? तेव्हा लोक चपला शोधत असतात!"

सुनेनं ते इंग्रजीत सांगितलं. ती बाई रागातच हसली, आणि मग खिडकीबाहेर बघत आणखी काहीतरी बोलली. मी म्हटलं, "सांग की."

"म्हणते, पडद्यावरच्या शेवटच्या पानावर तिनं नाव मोठं लिहिलं होतं. यांनी तपासताना ते खाली मदतनिसांच्यात टाकलं. ड्रायव्हरच्या शेजारी."

ड्रायव्हरबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण वस्ताद तो वस्ताद.

टेबलावर चौघं बसलो. मुलगा म्हणाला, "आबा, परत तिथं यायचं नाही. माझी शोभा झाली."

"तुझी झाली की तू केलीस?"

"तुम्हाला या कामातलं काही कळत नाही!"

"नाही कळत. तरी तू केलेलं कळलं, म्हणजे किती उघडं केलंयस बघ!"

तेवढ्यात तिनं टेबलावर थाप मारली. भांडी हलली. ती मुलाकडं बघून इंग्रजीत बोलली, मग माझ्याकडं बघून बोलली, आणि सुनेला म्हणाली, सांग यांना.

सून म्हणाली, "ती म्हणते, तुम्ही दोघं सारखे माझ्याबद्दल भांडता. मला एकानंही विचारलं नाही. माझं नाव तिथं नोंदवलेलं आहे, तिथंच राहील. गुरुजी उतरायच्या आत मी प्रबंध तिथंच देणार."

मुलगा माझ्याकडं बोट करून म्हणाला, "हे यांनी भरवलंय तिच्या डोक्यात."

तिला मराठी कळत नव्हती, पण बोट कळलं. "नो," म्हणाली. पुढचं सुनेनं सांगितलं, "बाबूंनी फक्त प्रश्न विचारला. तुम्ही तोही विचारला नाही."

काम आटोपून ती तिच्या देशाला परत गेली. जाताना माझ्याकडून चटणी बांधून घेतली, आणि तरीही तोंड फुगवलेलंच होतं. मला ते आवडलं. पैलवानाला राग पाहिजे.

विष मोजायचं एक मशीन तिच्याबरोबर तिच्या विद्यापीठाला द्यायचं ठरलेलं होतं, ते मात्र मुलानं पाठवलं नाही. आज पाठवतो, उद्या पाठवतो. माझ्या ध्यानात आलं तसं मी त्याच्याबरोबर टेबलावर जेवणं बंद केलं. माझं ताट घेऊन तळघरात, तिच्या रिकाम्या खोलीत बसायचो. बोललो काही नाही. सून जिना चढून-उतरून कंटाळली आणि एकदा त्याच्यावर ओरडली, "एक तर मशीन पाठवा, नाहीतर तुम्ही खाली जेवायला बसा!" मशीन गेलं. मी वर आलो.

पुढच्या वर्षी तिथं तिची तोंडी परीक्षा झाली. मुलाला दुसरा गाइड म्हणून बोलावणं होतं, जाऊन आला. आल्यावर प्रवासाचं, उकाड्याचं सांगत बसला. माझ्याशी त्या विषयावर बोलायचं नाही असं आमचं चाललं होतं, म्हणून मी विचारलं नाही. भात वाढून घेताना तो आपणहून म्हणाला, "पास झाली. खात्यात नाव लागलं तिचं. दोघांनी लगेच तिच्याकडे नोंदणी केली."

मी जेवत राहिलो.

"ती बोलायला उभी राहिली आणि आधी नावं घेतली तिनं. गुरुजींचं. मग माझं."

"मोठ्यानं?"

"हो."

"मग?"

"मग काय?"

"मग कसं वाटलं तुला दुसऱ्या नंबरावर?"

त्यानं कढी ओढून घेतली. आणि नंतर मुलाच्या विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर त्या कामाचा फोटो लागला, तो सुनेनं मला दाखवला. मधे माझा मुलगा, शेजारी ती. गुरुजी कडेला, अर्धे कापलेले. एक खांदा आणि काठी धरलेला हात दिसतो. फोटो कुणी कापला विचारलं तर म्हणतात, जागेत बसत नव्हतं.

यंदा तिथून दुसरा विद्यार्थी यायचा आहे, आणि त्याचंही भाषण त्याच हॉलात होणार आहे. माझ्यावरची बंदी मुलानं उठवलेली नाही. मीही उठव म्हणालो नाही. फक्त सुनेला सांगून ठेवलंय की कोट धुऊन ठेव.